दाव्याचं दुसरं टोक

रत्नागिरीत साहेब लोक तीन वर्षांसाठी येतात आणि बदली झाली की ट्रक भरून निघून जातात. ट्रकमध्ये कपाट चढतं, शिलाईचं मशीन चढतं, गुलाबाच्या कुंड्यासुद्धा गोणपाटात गुंडाळून चढतात. कुत्रं मात्र बहुतेक वेळा खालीच राहतं. नव्या गावी अजून क्वार्टर मिळालेलं नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, बाईसाहेबांना दमा आहे. कारणं पुष्कळ असतात आणि खोटीही नसतात. तर अशी खाली राहिलेली लहान लहान कुत्री दमयंती शिवलकरकडे यायची.

शिवलकर काही कुणी मोठी माणसं नव्हेत. भाट्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन खोल्या, पुढे पडवी, मागे परसू, एवढं भाड्याचं घर. नवरा सखाराम मिरजोळ्याच्या एका कारखान्यात रखवालदार. सायकलने जायचा, सायकलने यायचा. मुलगी लग्न होऊन चिपळूणकडे दिलेली. घरात देव, रेडिओ आणि ही कुत्री.

पहिली आली डॉली, एका बँकेच्या मॅनेजरची. पांढरी, नाकपुडीशी गुलाबी, आणि इंग्रजीशिवाय ऐकायची नाही. दमयंतीने तिच्यासाठी ‘सिट’ आणि ‘कम’ हे दोन शब्द शिकून घेतले, आणि सखाराम म्हणायचा की घरात मॅट्रिक झालेली एकच बाई आहे, तिला चार पाय आहेत. दुसरा बंडू, तांबूस, एका डोळ्याने अधू. तो एका ओव्हरसियरच्या मुलीने रडत रडत आणून दिला होता.

त्यांचं खाणंपिणं दमयंतीने असं बसवलं होतं की घराला ओझं वाटू नये. बाजारात हौसा कोळीण मासे कापून उरलेली मुंडकी आणि कल्ले कागदात बांधून तिच्यासाठी बाजूला ठेवायची. त्यात मूठभर कणी, चिमूटभर हळद, की झाली पेज. गोचीड झाले की करंजेल चोळायचं. अंथरायला जुनं लुगडं. मात्र दमयंतीच्या घरात सोमवार, गुरुवार, एकादशी आणि अख्खा श्रावण माशाला शिवत नसत. म्हणून परसात तीन दगड मांडून कुत्र्यांची वेगळी चूल केली होती. त्यांचं भांडं वेगळं, डाव वेगळा. ते शिजवून झालं की ती परत आंघोळ करायची आणि मगच देवाकडे वळायची. श्रावणात बांगड्याच्या मुंडक्यांचा वास घरभर दरवळत असताना सखाराम भेंडीची भाजी पुढ्यात घेऊन बसायचा आणि देवाला सांगायचा की पुढचा जन्म कुत्र्याचा दे, पण याच घरात दे.

सत्त्याऐंशी सालच्या आश्विनात तिसरी आली. तिचं नाव कापशी.

ही बदलीची नव्हती. भाट्याला माडाच्या बागेत यमुनाबाई नागवेकर म्हणून एक म्हातारी एकटी राहायची, ती भाद्रपदात वारली. दिवसकार्य झाल्यावर मुलगा आणि सून मुंबईला परत निघाले. त्यांच्या चाळीत कुत्रं चालणार नव्हतं. हौसाने त्यांना दमयंतीचं नाव सांगितलं. सून रिक्षा करून आली. एका टोपलीत तिने सगळं नीट आणलं होतं. पिंजलेल्या कापसासारखी पांढरी कुत्री, जर्मनची वाटी, घोंगडीचा तुकडा आणि गळ्यात काळपट कातडी पट्टा. पट्ट्याला बारीक लोखंडी साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला हातात धरायची कातडी मूठ. वापरून वापरून ती मूठ गुळगुळीत झाली होती.

सासूबाईंची होती, एवढंच सून म्हणाली. सगळं तिचंच आहे, घेऊन टाका. रिक्षा वळली, तरी कापशी तिच्याकडे बघतही नव्हती. ती टोपलीत बसून साखळीच्या मुठीकडे बघत होती.

नवं कुत्रं आलं की दमयंती पहिले आठ दिवस बांधून ठेवायची, नाहीतर ते जुन्या घराच्या वाटेला लागतं. कापशीला तिने पडवीच्या खांबाला बांधलं, वाटीत पेज दिली, आणि डॉली-बंडूला दटावून लांब बसवलं. कापशीने पेज हुंगली आणि मान वळवली. पहिला दिवस असं होतंच. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी हौसाने मुद्दाम दिलेला सुरमईचा अख्खा तुकडा उकडून वाटीत घातला, काटे काढून. तो संध्याकाळी मुंग्यांनी खाल्ला.

त्याच तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दमयंती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. खायला मोकळं वाटावं म्हणून तिने कापशीची साखळी खांबावरून सोडून ठेवली होती. ऊन असं की अंगणाच्या चिऱ्यांवर पाय ठेववत नव्हता. खांबाच्या सावलीत डॉली आडवी पसरली होती, कारण तिथे जमीन गार असायची आणि ती जागा तिने पहिल्या दिवसापासून आपली करून टाकली होती. रस्त्यावरून पावसला जाणारी दुपारची एस.टी. गेली. ती सव्वाबाराला जाते.

कापशी उठली. पायऱ्या उतरून अंगणात फाटकापाशी गेली आणि थांबली. मग वळून परत येऊ लागली. पण येण्याची रीत कुत्र्याची नव्हती. कुत्रं पायऱ्या एका उडीत चढतं. ही एक पायरी चढली, थांबली, मागे वर बघितलं. दुसरी चढली, थांबली, मागे वर बघितलं. गुडघ्यावर हात टेकून कोणी चढत असावं आणि त्याच्यासाठी थांबावं, तसं. तिसरी पायरी चढून ती सरळ खांबाकडे आली.

तेवढ्यात डॉली उठली. कोणी हाकलली नव्हती. ती खांबापासून दूर, पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. कापशी त्या रिकाम्या जागेसमोर बसली आणि तिने हनुवटी जमिनीला टेकवली, जशी कुत्री कोणाच्या पावलांवर टेकवतात.

दमयंतीने सुपातले खडे बाजूला टाकले आणि मग तिच्या ध्यानात आलं. साखळी मोकळी होती, तीन पायऱ्यांवरून फरफटत यायला हवी होती. आवाज झाला नव्हता.

तिने मनात ग्रामदैवत भैरीचं नाव घेतलं आणि सूप उचलून आत गेली. आपलं लक्ष तांदळात होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

पण दुसऱ्या दिवशी तिने सूप घेतलं नाही. नुसती दारात उभी राहिली. सव्वाबाराची गाडी गेली आणि सगळं पुन्हा तसंच झालं. फाटक, पायरी, थांबणं, पायरी. या वेळी बंडूसुद्धा आपल्या एका डोळ्याने त्या खांबाजवळच्या जागेकडे बघत राहिला, आणि पाणी प्यायला जाताना सरळ न जाता अर्धं वर्तुळ करून गेला. कापशी बसून होती. थोड्या वेळाने दमयंतीला तिच्या पाठीवर काहीतरी दिसलं आणि ती जवळ गेली. कापशीचे केस फुललेले, पिसारल्यासारखे असत. मानेपासून शेपटीपर्यंत त्यांत एक वाट पडली होती, चार बोटं रुंद. केस एका बाजूला चापून बसलेले, जसे कोणी हात फिरवल्यावर बसतात. दमयंती बघत असताना ती वाट पुन्हा एकदा मानेपासून दाबली जाऊ लागली, सावकाश, शेपटीकडे.

वारा नव्हता. आणि मिश्रीचा वास येत होता. घरात मिश्री कोणी लावत नव्हतं.

दमयंती भित्री नव्हती. तिच्या माहेरी दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला कोणी कोणाला हाक मारत नसत, दारात उभं राहून केस विंचरत नसत, आणि त्याची भीती वाटायच्या आधी सवय व्हायची. असलंच कोणी तर ते आपल्या वाटेने जातं, आपण त्यात पडू नये, एवढंच ती शिकली होती. तिला काळजी होती ती निराळी. कापशी खात नव्हती. दमयंती कापसाच्या बोळ्याने तिच्या जबड्यात दूध पिळायची, चमच्याने पेजेचं पाणी घालायची, आणि त्यातलं निम्मं गालावरून खाली यायचं. दहा दिवसांत पांढऱ्या केसांखाली फासळ्या हाताला लागायला लागल्या.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला उलटसुलट करून पाहिलं. पोट मऊ, ताप नाही, दात चांगले. रोग काही नाही म्हणाले. एक बाटली दिली आणि सांगितलं की आठवड्याभरात तोंड लावलं नाही तर आशा धरू नका.

सखारामने त्या दिवशी सायकल भिंतीला लावली, वाटीतली तशीच पडलेली पेज बघितली. मग म्हणाला, की हे काही बरं होत नाही. म्हातारीची आठवण काढत एक जीव आपल्या पडवीत झुरून मरणार, आणि तू तिच्या उशाशी बसून स्वतः जेवायची नाहीस. ही गेली तर यापुढे कुत्रं नको. आहेत ती दोन पुरेत. तो रागाने बोलत नव्हता, म्हणून दमयंतीला जास्त लागलं. आणि पडवीतलं ती त्याला सांगू शकली नाही. तो दुपारी कारखान्याच्या गेटवर असायचा. त्याने ऐकून घेतलं असतं, आणि मग रोज तिच्याकडे कसं बघितलं असतं, ते तिला दिसत होतं.

दूध घालायला दादू यायचा. आतल्या गावचा, पाच म्हशींचा धनी, बोलायला फटकळ. रोज तो अंगणातून माप ओतून जायचा. त्या सकाळी कापशीला बघायला पडवीत चढला, आणि तिच्या गळ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं की हा पट्टा कुठला. दमयंतीने सांगितलं, आली तेव्हा गळ्यातच होता, तिच्या धनिणीचा.

दादूने किटली खाली ठेवली.

“वैनी, आमी म्हस इकली तरी दावं देत नाय. दावं घरात ऱ्हातं, म्हस जाते. घेनारा आपलं दावं घेऊन येतो.”

दमयंतीला हे माहीत होतं. तिच्या बापाने बैल विकला तेव्हा त्याने दावं सोडून घेतलेलं तिने लहानपणी पाहिलं होतं, आणि आईने ते गोठ्याच्या खुंटीला परत अडकवलेलं. पण ते गुरांचं. हे कुत्रं, आणि तेही असलं, टोपलीतून रिक्षाने आलेलं. पट्टा चांगला होता, नवा कशाला घ्या, असं तिने केलं होतं. डॉलीचा पट्टा मॅनेजरसाहेबांनी ठेवून घेतला होता आणि बंडूला कधी नव्हताच. म्हणून इतके दिवस तिच्या मनाला काही शिवलं नव्हतं.

ती म्हणाली, कुत्र्याला कसलं दावं.

“बांधलं ते दावंच. तुमी दाव्यासकट जनावर आनलाव,” दादू म्हणाला. त्याचा आवाज आता फटकळ राहिला नव्हता. “मग दाव्याच्या दुसऱ्या टोकाला जो होता, तो कुठे ऱ्हायचा?”

तो जाताना खांबाच्या कडेने गेला. रोज तो तिथून सरळ उतरायचा.

दमयंतीने त्याच दिवशी पट्टा काढला. बक्कल घट्ट झालं होतं, कापशी मान ताठ करून बसून राहिली. पट्टा आणि साखळी तिने पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकाला लागली. सव्वाबाराची गाडी गेल्याचं आतून ऐकू आलं. नंतर थोडा वेळ गेल्यावर ती बाहेर आली. कापशी या वेळी अंगणात गेली नव्हती. ती खुंटीखाली बसून वर बघत थरथरत होती. दमयंतीने साखळीची मूठ हातात धरली, आणि सोडली.

ती गरम होती. खुंटी सावलीत होती, लोखंडाची साखळी गार होती, कातडी मूठ तेवढी गरम आणि जराशी ओलसर, आत्ताच कोणी हातातून सोडावी तशी.

दाव्याची जागा जुन्या घरी. दादूने सांगितलं नसतं तरी पुढचं तिला कळत होतं. दोन दिवसांनी एकादशी होती. एकादशीला तिचा उपास असे, सकाळचं काम कमी. तिने कुत्र्यांचं उरकलं, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, पट्टा-साखळी पिशवीत घातली, कापशीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कडेवर घेतलं आणि चालत पुलावर आली. चालत जायला जवळच, तिकीट कशाला काढा. कापशीचं वजन आता धुतलेल्या कपड्यांच्या पिळ्याएवढं उरलं होतं. खाली खाडीला ओहोटी होती. भरल्या उन्हात पुलावर तिच्याशिवाय माणूस नव्हतं, आणि तिला सारखं वाटत होतं की पिशवी हातात नुसती लोंबकळत नाही, कोणीतरी तिच्या दुसऱ्या बंदाला धरून चाललं आहे. तिने मागे बघितलं नाही.

नागवेकरांच्या घराची किल्ली धाकूकडे होती. धाकू त्यांचे माड बघायचा, नारळ पाडायचा, बागेच्या टोकाला झोपडीत राहायचा. कापशीला बघताच त्याने हातातली कोयती खाली ठेवली. तिला काय झालं, हे त्याने विचारलं नाही. तिच्या डोक्यावर एक बोट ठेवलं आणि किल्ली घेऊन पुढे झाला.

घर बंद असल्याला महिनासुद्धा झाला नव्हता, पण पडवीत पाय ठेवला तसा दमट, कोंडलेला वास आला, आणि त्याच्या आत मिश्रीचा. दाराशेजारी लाकडी खुंटी होती. खुंटीखालच्या चुन्याच्या भिंतीवर साखळी घासून घासून एक काळी रेघ पडली होती.

दमयंतीने कशासाठी आलो ते सांगितलं. दाव्याचं कळल्यावर धाकू हसला नाही. मग तो यमुनाबाईंबद्दल बोलू लागला, आणि बोलताना माडांकडे बघत राहिला. बाईंचे दोन्ही डोळे दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलाला कळू दिलं नव्हतं. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आणि ते चार दिवस बाई घरातल्या घरात अशा वावरायच्या की कोणाला संशय येऊ नये. कळलं असतं तर त्याने मुंबईला नेलं असतं, आणि कापशी इथे राहिली असती. बाहेर पडायचं ते कापशीच्या साखळीवर. विहिरीकडे कापशी, तुळशीकडे कापशी. दुपारची पावसची गाडी यायच्या सुमारास फाटकापर्यंत, कोणी उतरतंय का ऐकायला. गाडी गेली की परत. एकेक पायरी. मग खांबाला टेकून बाई बसायच्या, धाकूची बायको ताट आणून द्यायची, बाई पहिला घास घ्यायच्या आणि दुसरा कापशीच्या वाटीत घालायच्या. त्याच्या आधी कापशी कशाला तोंड लावायची नाही.

“साखळी हातात नसली ना वैनी, तर बाय उभ्या जागेवरनं हलायची नाय,” धाकू म्हणाला. “एकदा कापशी सापाच्या मागं धावली, तर बाय दोन तास विहिरीशी उभी होती. हाक पन मारली नाय.”

दमयंतीने पिशवीतून पट्टा काढला. हात जोडले. जे ज्याचं ते त्याच्या ठायी राहू दे, या मुक्या जिवाला सोडव, एवढं म्हणून तिने पट्टा-साखळी खुंटीला अडकवली. साखळी त्या काळ्या रेघेवर बरोबर बसली.

कापशीला खाली ठेवली होती. ती सरपटत खुंटीखाली गेली आणि बसली. दमयंतीने हाक मारली, ती हलली नाही. तिने उचलली, तर कापशीने अंग असं सैल सोडलं की जणू उचलायचंच काही शिल्लक नाही. दमयंती तिला घेऊन पायऱ्या उतरली, अंगण ओलांडून फाटकाशी आली. तेवढ्यात पुलाकडून पावसची एस.टी. आली आणि हॉर्न देऊन समोरून निघून गेली. कापशीने मान उचलली. आधी रस्त्याकडे बघितलं, मग मागे पडवीकडे, आणि ती बारीक आवाजात रडली. आल्यापासून तिचा आवाज दमयंतीने पहिल्यांदाच ऐकला.

दमयंती वळली.

माडांची झावळी हलत नव्हती. पडवीत खुंटीला साखळी लोंबत होती. लोंबती वस्तू भिंतीला टेकते. ती टेकली नव्हती. मूठ भिंतीपासून हातभर पुढे आली होती आणि तशीच राहिली होती.

धाकू किल्ली हातात घेऊन अंगणात उभा होता. तो पडवीकडे पाठ करून होता.

“वैनी, कुलूप लावू काय?”

दमयंतीला त्या क्षणी साप, विहीर आणि दोन तास उभी राहिलेली बाई दिसली. दोन तास नव्हे. कुलूप लागलं की शिमग्यापर्यंत, आणि पुढच्या शिमग्याला मुलगा येईलच असं नाही. कापशी वाचेल की नाही, तेही तिला आता कळेनासं झालं होतं. दावं परत करायला ती आली होती, ते रीतीला धरून होतं. पण रीत गुरांची होती. बैल विकला की गोठ्यात मागे धनी असतो, दिसतं त्याला, तो दुसरा बैल आणतो. इथे मागे कोण होतं, आणि त्याला कोण आणून देणार होतं.

ती परत पायऱ्या चढली. खुंटीपाशी जाऊन तिने मुठीला हात न लावता पट्ट्याकडून साखळी काढली, पट्टा कापशीच्या गळ्यात बांधला आणि कापशीला जमिनीवर उभी केली. मग पदर डोक्यावर घेतला, जसा ती मोठ्या जावेपुढे घ्यायची.

“यमुनाबाई,” ती म्हणाली, “मी तुम्हाला ओळखत नाही. माझं घर लहान आहे. पण पडवीत खांब आहे, आणि ती जागा तुमची झालेलीच आहे. या पोरीला जेवू द्या, म्हणजे झालं. चला. इथे तीन पायऱ्या आहेत, जपून.”

कापशी पुढे झाली. एक पायरी उतरली आणि थांबली.

पूल ओलांडायला त्यांना तासाच्या वर लागला. दमयंती चार पावलं पुढे चालत होती, आणि मधूनच सांगत होती की आता चढ आहे, इथे खडी पडलीय, इथून सायकलवाला येतोय. समोरून येणाऱ्या दोन बायांनी तिला एकटीच बडबडताना बघितलं असेल. मागून कापशीच्या नखांचा आवाज येत होता. साखळीचा येत नव्हता. निम्म्या पुलावर कापशी थकून बसली तेव्हा दमयंतीही कठड्याशी थांबली. वारा सुटला होता, आणि मिश्रीचा वास खाडीच्या वासात मिसळून आला. तिला त्याची आता भीती वाटली नाही असं नव्हे. भीती होती, पण भीतीसोबत चालता येतं, हे तिला त्या पुलावर कळलं.

घरी आल्यावर एक पेच पडला. एकादशी होती. कुत्र्यांच्या पेजेचा प्रश्न नव्हता, पण पान वाढायचं तर काय वाढायचं. गेलेल्या माणसाला एकादशी असते का, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. शेवटी तिने विचार केला की म्हातारी बाई, जन्मभर पाळली असेल, आपण मोडायला लावू नये. तिने वऱ्याचे तांदूळ शिजवले, दाण्याची आमटी केली, केळीच्या पानाचा तुकडा कापून आणला आणि खांबाजवळ मांडला. पाण्याचा तांब्या ठेवला. भात वाढला, वर आमटी घातली, आणि आपण होऊन दोन पावलं मागे सरली.

डॉली आणि बंडू उंबऱ्यापाशी शेजारी शेजारी बसून बघत होते. कापशी पानासमोर बसली होती. पानावरून वाफ सरळ वर जात होती, आणि मग एकदा ती वाकडी झाली.

दमयंतीने थांबून थांबून शंभरपर्यंत जप केला. मग पानावरचा मूठभर भात उचलून जर्मनच्या वाटीत घातला.

कापशी उठली. वाटी हुंगली. आणि खायला लागली. सावकाश, दर दोन घासांनी मान वर करून बघत, तिने उपासाचे वऱ्याचे तांदूळ चाटूनपुसून संपवले. दमयंती भिंतीला टेकून बसली होती. तिला रडू आलं, आणि तिने ते आवाज न करता रडून घेतलं.

संध्याकाळी सखारामने वाटी बघितली. रिकामी. त्याने विचारलं, बाटलीतल्या औषधाने गुण आला का. ती हो म्हणाली. खोटं बोलल्याबद्दल तिने रात्री देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

पुढे दमयंतीकडे आणखी कुत्री आली. एक लांब कानांचं, एक खोकणारं, एक म्हातारं आणि बहिरं. कोणी आणून दिलं की ती फाटकातच पट्टा सोडून परत द्यायची, कितीही चांगला असला तरी, आणि आत घेण्याआधी एकच विचारायची, की याची साखळी कोण धरायचं आणि ते माणूस कुठे आहे. लोकांना तो प्रश्न विचित्र वाटायचा. बदली झाली, असं सांगितलं की तिचा चेहरा सैल व्हायचा. कापशीच्या गळ्यात मात्र तोच काळपट पट्टा राहिला, आणि खांबाजवळ रोज दुपारी पानाचा तुकडा. वाढायचं फार नसे. आपल्यातला घासभर भात, असेल ती आमटी. घराला ते ओझं वाटलं नाही.

सखारामला तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो विचारायचा नाही. पण त्या दिवाळीनंतर तिने बघितलं की सायकल लावून पडवीत येताना तो खांबाच्या कडेने, अर्धं वर्तुळ करून येतो. बंडूसारखा. त्याला स्वतःला ते माहीत नसावं.

मग मार्गशीर्षातला एक गुरुवार आला. सखारामला सुट्टी होती. दमयंती देवळात गेली, तिथे ओळखीच्या बाया भेटल्या, आरतीला उशीर झाला. पावसची गाडी तिला वाटेतच ओलांडून पुढे गेली. पान वाढायचं राहिलं होतं. ती जवळजवळ धावतच फाटकात शिरली.

पडवीत सगळी कुत्री जेवत होती. खांबाजवळ पान मांडलेलं होतं, भात जरा जास्त वाढलेला, आमटी पानाबाहेर गेलेली, पुरुषाच्या हातची. सखाराम दारात बसून विडी न पेटवता नुसती बोटांत धरून होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, खांबाकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला,

“तू कुठे राहिलीस? त्या केव्हाच्या येऊन बसल्या होत्या.”